जुनी बोलेरो आणि घरचा पाना

२००० साली आलेली बोलेरो शिडीसारख्या चासीवर उभी, मागे पाटे, यंत्रणा साधी. निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या अशा जुन्या गाडीची नेहमीची देखभाल मालकानेच करावी, असं माझं ठाम मत आहे. ऊसतोडणीच्या दिवसांत शेतरस्त्यांची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि तवंदी घाटात गाडीचा दम निघतो. डिझेल फिल्टरचंही तसंच: इंजिन बंद करून खाली भांडं धरावं, तळाचा स्क्रू सैल करावा. आधी पाणी पडतं; स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू आवळून हातपंपाने हवा काढावी.

मेकॅनिक कोपऱ्यावर असताना हात काळे कशाला करायचे, असं कुणी म्हणेल. पण त्याच्याकडे गाडी जाते ती बहुधा बिघडल्यावर. धूळ मात्र रोज साचते. ब्रेक आणि स्टिअरिंग त्याच्याकडेच सोपवावं, तिथे हौस नको. सुधारणा करायचीच तर आधी चांगले टायर घ्यावेत, मग मूळ वॅटच्याच हेडलाइटला रिले लावावा. अवाढव्य चाकांचा मोह टाळावा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि १५ वर्षांनी नोंदणी वाढवताना गाडी तपासणीला न्यावीच लागते.