समजून घ्या : वृषणाचा कर्करोग आणि बाप होण्याचा प्रश्न, केमोच्या आधीच विचारा

वृषणात न दुखणारी कडक गाठ. देवळाली प्रवरातल्या विशीच्या तरुणाला ती लागली, तर तो घरी सांगेल का? मित्र थट्टा करतील ही भीती, त्यात लग्नाची बोलणी सुरू असतील तर तोंडच बंद. हा कर्करोग मात्र नेमका १५ ते ४० या वयात जास्त आढळतो. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मग पुढची ५० वर्षे जगायचे असते, संसार करायचा असतो.

एक वृषण काढले तर मूल होणार नाही का?

तसे नाही. दुसरे निरोगी असेल तर सहसा काम भागते. खरी अडचण केमोची. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी शुक्राणू तयार होणे थांबते. अनेकांत ते दोन वर्षांत पूर्ववत होते, काहींत होतच नाही; आणि कोणात काय होईल, हे आधी सांगता येत नाही. शिवाय या आजारात अनेकांचे शुक्राणू उपचारांपूर्वीच कमी झालेले असतात. म्हणून वीर्य शस्त्रक्रियेआधी, निदान केमोआधी तरी साठवावे.

त्यासाठी काय करावे लागते?

एचआयव्ही, कावीळ बी व सी यांच्या रक्तचाचण्या होतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने शक्यतो दोन-तीन नमुने देतात. ते उणे १९६ अंश सेल्सिअसला द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, त्यामुळे तो गावाकडून पाठवून चालत नाही. नगरमार्गे पुणे गाठून केंद्रातच द्यावा लागतो. उपचार त्यासाठी फारसे लांबत नाहीत. नमुन्यात शुक्राणू नसतील, तर वृषणाच्या ऊतीतून ते शोधता येतात. जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण साठवणुकीचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा कर्करोग १९९६ मध्ये फुप्फुस आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता. केमोआधी त्याने वीर्य साठवले. १९९९ मध्ये त्यातूनच मुलगा झाला. उत्तेजकांमुळे पुढे त्याची जेतेपदे गेली, ती गोष्ट वेगळी.

केमो संपल्यावर निदान वर्षभर तरी मूल होऊ देऊ नये, असा सल्ला डॉक्टर देतात.

फॉर्मवर काय लिहिता?

केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. रुग्णाचा मृत्यू झाल्यास नमुन्याचे काय करायचे, हेही फॉर्मवर विचारतात. घाईत सही होते ती इथेच. कर्करोगावरील उपचारांदरम्यान वीर्य साठवलेल्या एका अविवाहित तरुणाने, मृत्यूनंतर ते नष्ट करावे, असे लिहून दिले होते. त्याच्या निधनानंतर आईने ते मागितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवण्याचा आदेश केंद्राला दिला.