डाळिंबावरचा तेल्या आणि मेडिकलवरची स्ट्रिप

सटाणा-देवळा-मालेगावच्या पट्ट्यात डाळिंबावर तेल्या दिसला की शेतकऱ्याचा हात स्ट्रेप्टोसायक्लीनच्या पुडीकडे जातो. तेल्या जिवाणूमुळे होतो आणि पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसीन असते. हे तेच औषध, जे १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतल्या जिवाणूपासून मिळाले आणि क्षयाला पहिल्यांदा आटोक्यात आणू शकले. फवारणीनंतर मातीत औषधाला दाद न देणारे जिवाणू टिकतात आणि तो गुण दुसऱ्या जातींनाही देऊ शकतात. म्हणूनच केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा काढला.

पण बागायतदारालाच बोल लावणे सोपे आहे. शहरात आपण काय वेगळे करतो? आधी जिवाणूंवरची औषधे काम कशी करतात ते पाहू.

पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाहीत. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो. स्ट्रेप्टोमायसीन जिवाणूचे प्रथिने बनवण्याचे काम बिघडवते, सिप्रोफ्लॉक्सासीन डीएनएची नक्कल अडवते. विषाणूकडे जिवाणूची ही यंत्रणाच नसते. सर्दी, फ्लू, पावसाळ्यातला डेंग्यू यांवर या गोळ्या फुकट जातात.

अँटिबायोटिक निवडताना डॉक्टर आधी संसर्गाची जागा पाहतात. घसा बहुतेकदा विषाणूनेच धरलेला असतो. स्ट्रेप्टोकॉकस निघालाच तर साधे पेनिसिलीन आजही पुरते. इतकी वर्षे वापरूनही घशातल्या या जिवाणूने त्याला दाद न देणे शिकलेले नाही, याचे मला नवल वाटते. लघवीच्या जळजळीमागे बहुधा ई. कोलाय असतो. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन चालते, कारण ते लघवीत साठते. रक्तात पुरेसे उरत नाही, म्हणून न्यूमोनियात तेच औषध निरुपयोगी. ‘भारी’ अँटिबायोटिक असे काही नसतेच. टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारे सिप्रो आता आपल्याकडे सहसा चालत नाही, त्यामुळे पहिल्या डोसाआधी रक्ताचे कल्चर घ्यायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने अमॉक्सिसिलीन नेहमीच्या वापराच्या गटात ठेवले आहे, तर अ‍ॅझिथ्रोमायसीन आणि सेफिक्झिम जपून वापरायच्या गटात. आपल्याकडे मात्र घसा खवखवला की मेडिकलवर मागणी होते ती तीन गोळ्यांच्या अ‍ॅझिथ्रोचीच. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती मागू नका, आणि मागच्या आजारातली उरलेली गोळी तर घरात कुणालाच देऊ नका.