मुदत संपलेले नाव सोडवावे काय?

इ. स. १६०१ च्या आरंभी असीरगडचा किल्ला अकबराच्या हाती आला आणि बुऱ्हाणपूरचे फारुकी राज्य संपुष्टात आले. नव्या मुलखाचा कारभार बादशहाने आपला पुत्र दानियाल याजकडे सोपविला व त्याच्या नावावरून खानदेशाचे नाव ‘दानदेश’ असे ठेवले. बादशाही दफ्तरांत ते लिहिले गेले. लोकांनी मात्र ते स्वीकारले नाही. आज चार शतकांनंतरही तापीकाठचा शेतकरी खानदेशच म्हणतो, आणि दानदेश हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाखेरीज कोणास ठाऊकही नसतो. दफ्तरापेक्षा लोकांची जीभ बलवत्तर ठरली.

संगणकाच्या जगातील नावांचा न्याय याच्या अगदी उलट आहे. तेथे लोकांच्या जिभेला काडीचीही किंमत नाही. जे काही आहे ते दफ्तर. एखाद्या पेढीच्या वा संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव हजारो लोकांच्या तोंडी असले, तरी नोंदवहीतील त्याची मुदत संपली की ते नाव त्या पेढीचे राहत नाही. मग ते पुन्हा मिळवावे की जाऊ द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. तो बहुधा घाईच्या वेळी, अर्धवट माहितीवर आणि भावनेच्या भरात सोडविला जातो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे उपयुक्त होईल.

प्रथम हे नाव म्हणजे काय ते पाहू. जाळ्यातील संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने नावांवरून आकडे शोधून देणारी एक पद्धती रचली. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ अशा शेपटांची जी नावे आपल्या परिचयाची झाली आहेत, ती याच पद्धतीतील होत. यांनाच डोमेन नाव म्हणतात. अशा नावांच्या जागतिक व्यवस्थेवर १९९८ पासून आयकॅन ही संस्था देखरेख ठेवते. ‘डॉट इन’ या भारतीय नावांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, सांभाळते. आणि २०१४ पासून ‘डॉट भारत’ असे शेपूट असलेली नावे देवनागरीतही नोंदविता येतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घेतली पाहिजे. असे नाव कोणी विकत घेत नाही. ते भाड्याने घेतो. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा असतो आणि तो मुदतीत नवा करावा लागतो. ‘नाव घेतले’ असे आपण बोलतो खरे. परंतु वडिलोपार्जित घराप्रमाणे ते आपोआप पुढच्या पिढीकडे येत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, बुऱ्हाणपुरात कापडाची एक जुनी पेढी आहे. या गावच्या कापडाची कीर्ती आजची नव्हे. येथले तलम कापड इराण, तुर्कस्थान व पोलंडपर्यंत जाते, असे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तॅव्हर्निए याने लिहून ठेवले आहे. आता येथे यंत्रमाग खडखडतात, आणि पेढीचा माल नागपूर, जळगाव, इंदूरकडे जातो. दहा वर्षांपूर्वी एका होतकरू तरुणाने पेढीचे संकेतस्थळ करून दिले, ‘डॉट कॉम’चे नाव नोंदविले आणि त्याच नावाचा ईमेल पत्ताही सुरू केला. गाठींवरच्या चिठ्ठ्यांवर, बिलबुकांवर, दुकानाच्या पाटीवर तो पत्ता छापला गेला. पुढे तो तरुण नोकरीनिमित्त पुण्यास गेला. १० सप्टेंबरला नावाची मुदत संपली. पेढीत कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. ५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या गडबडीनंतर, नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला: “शेठजी, तुमच्या पत्त्यावर पाठविलेली ऑर्डर परत का येते?”

असे कसे घडते? आयकॅनच्या नियमानुसार नोंदणी करणाऱ्या कंपनीने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना पाठवावयाची असते. परंतु सूचना जाते ती नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता त्या तरुणाचा असेल, तर ती पुण्यास जाते. आणि तो पेढीच्याच डोमेनवरचा असेल, तर नाव बंद पडताच तोही बंद पडतो; घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावे, तसा हा प्रकार होतो.

तथापि मुदत संपली म्हणजे त्याच रात्री सर्व संपले असे नाही. ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या बाबतीत तीन टप्पे असतात. पहिला सवलतीचा टप्पा. तो ४५ दिवसांपर्यंत असू शकतो. नेमके दिवस कंपनीगणिक कमीजास्त असतात, आणि काही कंपन्या तो पुरा होण्यापूर्वीच नाव लिलावात काढतात. या काळात बहुधा नेहमीच्या शुल्कात नाव नवे करता येते. कंपनीने नाव कायम न केल्यास दुसरा टप्पा येतो. तो ३० दिवसांचा असून त्यास ‘रिडेम्पशन पीरियड’ म्हणतात. मराठी माणसाला याचा अर्थ सांगावयास नको. गहाण पडलेला दागिना सोडविण्याची ती शेवटची मुदत होय. या मुदतीत जुना धनीच, आणि तोही आपल्या जुन्या कंपनीमार्फतच, नाव सोडवू शकतो. परंतु त्यासाठी नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट, पुष्कळदा काही हजार रुपये, मोजावे लागतात. तिसरा टप्पा ५ दिवसांचा. त्यात कोणालाच काही करता येत नाही. तो संपताच नाव मोकळे होते, आणि जो प्रथम पकडेल त्याचे होते. अशी नावे क्षणार्धात उचलण्यासाठी संगणकांच्या फौजा बाळगणाऱ्या कंपन्या जगभर टपून बसलेल्या असतात. माणसाच्या हाताने तेथे निभाव लागणे कठीण.

आपल्या पेढीचा हिशेब मांडला, तर पहिला टप्पा जास्तीत जास्त २५ ऑक्टोबरला संपला. दुसरा २४ नोव्हेंबरला संपेल. म्हणजे ५ नोव्हेंबरला फोन आला तेव्हा दागिना गहाण पडलेला होता आणि हाती १९ दिवस उरले होते.

पेढीच्या वृद्ध मालकांचे म्हणणे असे, की या संकेतस्थळाने आजवर एक वारही कापड विकले नाही. गिऱ्हाईक फोनवर बोलते, नमुने व्हॉट्सॲपवर पाहते. मग पाटीवरच्या चार अक्षरांसाठी हजारो रुपये कशाला? मुलाचे म्हणणे असे, की नाव गेले म्हणजे पेढीची अब्रू गेली. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे; आणि दोघांचीही नजर मुख्य मुद्द्यावर नाही.

मुख्य मुद्दा असा, की संकेतस्थळ बंद करता येते, नाव बंद करता येत नाही. आपण सोडले तर ते नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याला मिळते. आणि ज्याला नाव मिळते त्याला त्या नावावर येणारा टपालही मिळतो. पूर्वीची पत्रे त्याच्या हाती लागत नाहीत. परंतु नावाचा ताबा मिळाल्यावर येणारे प्रत्येक पत्र तो उघडू शकतो. एवढेच नव्हे, त्या पत्त्यावरून पत्रे पाठवूही शकतो. नागपूरच्या गिऱ्हाइकाला पेढीच्याच ओळखीच्या पत्त्यावरून एक बिल येते, त्यात फक्त बँकेच्या खात्याचा क्रमांक बदललेला असतो. पैसे जातात ते तिऱ्हाइताच्या खात्यात. शिवाय निरनिराळ्या खात्यांचा पासवर्ड विसरल्यास तो बदलण्याची सोय ईमेलवरच असते. तो ईमेल परक्याच्या हाती गेला, तर त्यामागची दारेही त्याला उघडी होऊ शकतात.

म्हणून नाव सोडवावे की नाही हे ठरविताना ‘संकेतस्थळ हवे काय?’ असा प्रश्न न करता ‘या नावाचे दार अजून कोण ठोठावते?’ असा प्रश्न केला पाहिजे. त्याचे उत्तर कागदावर मांडता येते. या नावावरच्या पत्त्यावर कोणाची पत्रे येतात? तो पत्ता बँकेत, करखात्यात, सरकारी दफ्तरांत नोंदविला आहे काय? कोणत्या छापील वस्तूंवर तो आहे, आणि त्या वस्तू अजून किती वर्षे फिरतील? हे सर्व बदलून सर्वांना कळविण्यास जो खर्च व जो वेळ लागेल, त्याहून सोडविण्याचे शुल्क कमी असेल, तर नाव सोडवावे. वरील पेढीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. वर्षाच्या बिलबुकांची छपाईच त्या शुल्काएवढी होईल. फसगतीचा धोका तर निराळाच.

उलट, ज्या नावावर कधी टपाल आला नाही, जे कोठे छापले गेले नाही, केवळ हौसेने नोंदविले व विसरले गेले, ते खुशाल जाऊ द्यावे. त्याचा मोह म्हणजे निव्वळ अहंकार होय.

नाव परक्याच्या हाती गेलेच असेल, तर विचार निराळा करावा लागतो. प्रथम नोंदवहीत पाहून नावाची सद्यःस्थिती समजून घ्यावी. ही माहिती कोणालाही पाहता येते. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात जुन्या पानांच्या प्रती असतात. मधल्या काळात त्या नावावर काय चालले होते, ते तेथे पुष्कळदा दिसते. जुगाराच्या वा फसवणुकीच्या जाहिराती चालल्या असतील, तर ते नाव डागाळलेले असते. ते परत मिळाले, तरी त्यावरून पाठविलेली पत्रे काही काळ संशयितच ठरण्याचा संभव असतो. नाव विकावयास काढले असेल, तर आपल्या हिशेबातील रकमेपलीकडे जाऊ नये. विक्रेत्यास आपली निकड कळली की किंमत चढते.

कायद्याचा मार्गही आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापाराची ओळख आहे, आणि व्यापारचिन्हाप्रमाणे त्यालाही संरक्षण मिळू शकते. ‘डॉट कॉम’ नावांसाठी १९९९ पासून आणि ‘डॉट इन’ नावांसाठी २००५ पासून लवादाची सोय आहे. परंतु तेथे नावावरील आपला हक्क व समोरच्याचा दुष्ट हेतू दाखवावा लागतो. ‘आम्ही पैसे भरावयास विसरलो’ एवढ्याने भागत नाही. शिवाय खर्च थोडा नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादापुढे दाद मागावयाची, तर १५०० डॉलर भरावे लागतात. काही हजारांत सुटणाऱ्या दागिन्यासाठी नंतर लाखाच्या वर खर्च करावयाचा, असा तो व्यवहार होय.

विसर लहानांनाच पडतो असे मात्र नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे ३५ डॉलर भरावयाचे राहिले, आणि ज्या नावावर हॉटमेलचा प्रवेश अवलंबून होता, तेच बंद पडले. ऐन नाताळात अमेरिकेतील एका तिऱ्हाईत प्रोग्रामरने स्वतःच्या पदरचे पैसे भरून ते सुरू केले. तो सज्जन होता म्हणून निभावले. सर्वांच्या नशिबी असा तिऱ्हाईत येतोच असे नाही.

याच संदर्भात एक ताजी गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या नावांवर जाण्यास सांगितले. ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी, हा त्यामागील हेतू. परंतु नवे नाव घेतले म्हणून जुने सोडून द्यावे असे नव्हे. पासबुकावर व ग्राहकांच्या स्मरणात जुनेच नाव पुढे कित्येक वर्षे राहणार आहे. जी गोष्ट बँकेची, तीच पतपेढीची, शाळेची आणि दुकानाची.

खबरदारी फार थोडी पुरते. नाव पेढीच्या वा संस्थेच्या नावे नोंदवावे, संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे नव्हे. नोंदणीत दिलेला ईमेल त्याच नावावरचा नसावा, आणि सूचना दोघांना तरी मिळाव्यात. भाडेपट्टा एकदम काही वर्षांचा करावा व मुदतीची तारीख चोपडीत, विम्याच्या हप्त्याशेजारी, लिहून ठेवावी. नाव सोडावयाचेच असेल, तर आधी सर्व खात्यांवरचा पत्ता बदलावा, गिऱ्हाइकांना कळवावे, आणि त्यानंतरही दोनतीन वर्षे भाडे भरीत राहावे. घर सोडून जाणारा माणूस टपालवाल्यास नवा पत्ता सांगून जातो, तसेच हे आहे.

खानदेशाचे नाव लोकांनी राखले, कारण ते त्यांच्या जिभेवर होते आणि तेथून ते काढून घेण्याचे सामर्थ्य बादशहातही नव्हते. संगणकावरचे नाव गिऱ्हाइकाच्या जिभेवर असते. पण त्याला ते राखता येत नाही. ते ज्याने त्याने आपल्या चोपडीतच राखावयाचे असते.