संरक्षित वास्तु आणि हरकतीचे दोन महिने

आपल्या संग्रहांतील एखादें इनामपत्र जुन्या वास्तूच्या संरक्षणाच्या वादांत निर्णायक ठरूं शकतें; मात्र तें मुदतींत पुढें आलें पाहिजे. १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारक अधिनियमाप्रमाणें एखादें स्मारक संरक्षित करण्याचा इरादा शासन प्रथम राजपत्रांत प्रसिद्ध करतें व त्याची प्रत स्मारकाजवळ लावितें. तेथून दोन महिन्यांत हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेतां येते; तिचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते. मेणवलीचा घाट पाहणारे शेंकडों, राजपत्र चाळणारा विरळा!

नांव काढण्यासहि हीच सावधगिरी हवी. मार्च २०२४ मध्यें केंद्रीय पुरातत्त्व खात्यानें १८ स्मारकें आपल्या यादींतून वगळण्याचें योजून दोन महिन्यांत हरकती मागविल्या. त्यांत महाराष्ट्रांतील एकहि नव्हतें, हें खरें. पण कांहींचा ठावठिकाणाच लागत नव्हता, हें ध्यानांत घ्यावें.

घरमालकाची हरकत केवळ स्वार्थाची म्हणून झिडकारणें मला योग्य वाटत नाहीं. केंद्रसंरक्षित स्मारकाभोंवतीं १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे व पुढील २०० मीटरांत परवानगी लागते.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच. नाना फडणिसांचा वाडा मेणवलीस, मेणवली दप्तर मात्र पुण्यास डेक्कन कॉलेजांत. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनी कागद छापले, म्हणून तिकडील पुरावा निदान छापील तरी सांपडतो. खाजगी रुमालांत बांधलेल्या कागदांची गोष्ट निराळी. हरकत लिहितांना कागदाची मिती, धन्याचें नांव व चतुःसीमा प्रथम द्याव्या. वास्तूची थोरवी मागाहून.