साथ आली की जनावरांचा बाजार का बंद होतो? नागपूरच्या कोंबड्या, वाघ आणि लम्पीची गोष्ट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. इडापिडा आणि रोगराई मारबतीसोबत वेशीबाहेर जावी, ही त्यामागची भावना. जनावरांमध्ये साथ आली की प्रशासन मात्र नेमकं उलट करतं. रोग वेशीबाहेर जाऊच नये, जिथे सापडला तिथेच कोंडला जावा, यासाठी सगळी धावपळ असते. बैलबाजार बंद होतात, कोंबड्यांच्या गाड्या थांबतात, सीमेवर तपासणी सुरू होते.

अशा वेळी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आजारी जनावर एका गोठ्यात असेल, तर अख्ख्या जिल्ह्याचा बाजार कशासाठी बंद? आणि यात ज्याचं नुकसान होतं, त्याचं काय?

नागपुरात काय घडलं होतं?

मार्च 2024 मध्ये नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागातलं शासकीय प्रादेशिक अंडी उबवणी केंद्र बातम्यांमध्ये आलं. तिथल्या कोंबड्या अचानक मरायला लागल्या होत्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. त्यानंतर केंद्रातल्या साडेआठ हजारांच्या आसपास कोंबड्या मारण्यात आल्या. 16 हजारांहून जास्त अंडीही नष्ट करण्यात आली.

आजारी कोंबड्या मारल्या हे समजू शकतं, पण अंडी कशाला? कारण हा विषाणू कोंबडीच्या विष्ठेतून आणि नाकातोंडाच्या स्रावातून बाहेर पडतो आणि मिळेल त्या वस्तूवर बसतो. अंड्याचं कवच, अंड्यांचे ट्रे, पिंजरे, खाद्याची पोती, गाडीची चाकं, कामगारांच्या चपला, अशी कोणतीही वस्तू त्याचं वाहन होऊ शकते. त्यातही उबवणी केंद्र म्हणजे जंक्शन. इथून पिल्लं आणि अंडी वेगवेगळ्या गावांत जातात. एका शेडमधला रोग एका शेडपुरता असतो, पण उबवणी केंद्रातून निघालेली एक गाडी तो अनेक गावांत पोहोचवू शकते.

1 किलोमीटर आणि 10 किलोमीटर म्हणजे काय?

बर्ड फ्लू सापडला की केंद्र सरकारच्या कृती आराखड्यानुसार नकाशावर दोन वर्तुळं काढली जातात. बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरपर्यंतचा भाग ‘बाधित क्षेत्र’ ठरतो. तिथले पाळीव पक्षी मारले जातात. अंडी, खाद्य, विष्ठा यांची विल्हेवाट लावून जागा निर्जंतुक केली जाते. त्यापुढे 10 किलोमीटरपर्यंतचा भाग ‘निगराणी क्षेत्र’. इथे पक्षी मारत नाहीत, पण त्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात आणि नमुने तपासले जातात.

सेमिनरी हिल्सभोवती 10 किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात नागपूर शहराचा मोठा भाग येतो. म्हणजे हा प्रश्न केवळ खेड्यातल्या शेतकऱ्याचा नाही. चिकनच्या दुकानापासून अंड्याच्या गाडीपर्यंत सगळे त्या वर्तुळात असतात.

शिवाय नागपूरचं स्थानही महत्त्वाचं. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग 53 इथून जातात. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाकडे जाणारा माल याच रस्त्यांवरून धावतो. इथे साथ हातातून सुटली, तर ती कुठल्या राज्यात उतरेल हे सांगता येत नाही.

मग वाघांना बर्ड फ्लू कसा झाला?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरच्याच गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एका बिबट्याचा मृत्यू झाला. जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या संस्थेचा अहवाल आला. कारण होतं बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू. मानव-वन्यजीव संघर्षानंतर पकडलेले हे वाघ चंद्रपूर भागातून आणले होते. केंद्रातल्या इतर प्राण्यांची तपासणी झाली आणि राज्यातल्या प्राणिसंग्रहालयांना सावध करण्यात आलं.

संसर्ग कोंबडीच्या मांसातून झाला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. पिंजऱ्यातला वाघ बाजारात जात नाही, पण त्याचं खाद्य बाहेरूनच येतं. म्हणूनच साथीच्या काळात जिवंत जनावरांसोबत मांस, अंडी, चारा आणि खाद्यावरही नजर ठेवावी लागते.

लम्पी तर माश्या-डासांमुळे पसरतो, मग गुरांची वाहतूक का रोखली?

2022 मध्ये हा प्रश्न अनेक शेतकऱ्यांनी विचारला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला. पुढच्या काही आठवड्यांत तो अकोला, बुलढाणा, अमरावतीसह राज्यभर पसरला आणि हजारो गुरं दगावली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने संपूर्ण महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केला. गुरांचे बाजार, शर्यती, जत्रा, प्रदर्शनं आणि गुरांची वाहतूक यांवर बंदी आली.

लम्पी चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो हे खरं आहे. पण माशी फार लांब उडत नाही. ट्रकमध्ये चढवलेला बैल मात्र एका रात्रीत दोन-तीन जिल्हे ओलांडतो. त्यात लागण झाल्यापासून अंगावर गाठी दिसेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. त्या काळात बैल धडधाकट दिसतो, बाजारात त्याला चांगला भावही मिळतो. नव्या गोठ्यात पोहोचल्यावर तिथल्या माश्या पुढचं काम करतात.

बाजारात तर दहा गावांची गुरं एकाच दावणीला येतात आणि संध्याकाळी दुसऱ्या दहा गावांत जातात. म्हणून बंदी आधी बाजारावर येते. ही बंदी लसीकरणासाठी वेळ मिळवून देते. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना मोफत टोचण्यात आली. पुढे निर्बंध सैल करताना कानातला 12 अंकी बिल्ला, लस घेऊन 28 दिवस झाल्याची नोंद आणि आरोग्य प्रमाणपत्र अशा अटी घालण्यात आल्या.

कायदा काय सांगतो?

हे सगळे निर्णय ‘प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009’ या कायद्याखाली होतात. यादीतल्या रोगाची शंका आली तरी माहिती देणं आणि आजारी जनावर वेगळं बांधणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. नियंत्रित क्षेत्रातून बाधित जनावर, त्याचं कातडं किंवा मांस, त्याच्या संपर्कात आलेला चारा बाहेर नेता येत नाही. सरकार तपासणी नाके उभारू शकतं, बाजार बंद करू शकतं.

पण नियम मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे 1,000 रुपयांपर्यंत. ज्याच्याकडे 60-70 हजारांची बैलजोडी विकायला उभी आहे, त्याला या दंडाची भीती किती वाटणार? आणि शेताच्या प्रत्येक पांदण रस्त्यावर नाका बसवता येत नाही.

पहिले तीन दिवस इतके महत्त्वाचे का?

याचं उत्तर ब्रिटनकडे आहे. 20 फेब्रुवारी 2001 रोजी तिथे लाळ्या-खुरकूत रोगाचं निदान झालं. देशभर जनावरांची वाहतूक थांबली 23 फेब्रुवारीला. तोपर्यंत रोगाची लागण झालेल्या मेंढ्या बाजारांमधून दूरदूर विकल्या गेल्या होत्या. साथ आटोक्यात आणण्यासाठी 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

2007 मध्ये हाच रोग पुन्हा आला. या वेळी निदान झालं त्याच दिवशी वाहतूक थांबवली गेली. साथ आठ ठिकाणांवर थांबली. दोन्ही साथींची सुरुवात वेगळी होती, त्यामुळे सगळं श्रेय बंदीला देता येणार नाही. पण उशिराची किंमत किती मोठी असते, हे यातून कळतं.

शेतकऱ्याचं नुकसान कोण भरून देतं?

लम्पीने दगावलेल्या जनावरांसाठी महाराष्ट्र सरकारने दुधाळ गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये मदत जाहीर केली होती. बर्ड फ्लूमध्ये सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची ठरावीक दराने भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्या कोंबड्यांची मात्र मिळत नाही. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितकं नुकसान मालकाच्याच अंगावर.

पण बाजार बंद असल्यामुळे न विकलेला बैल, अफवेमुळे पडलेला चिकनचा भाव, रिकाम्या शेडचे हप्ते, या नुकसानीला भरपाईच्या तक्त्यात रकाना नाही. शेतकरी आजार लपवतो, रातोरात जनावर विकतो, त्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते. त्यामुळे भरपाई म्हणजे सरकारने केलेला उपकार नव्हे. ती लसीइतकीच रोगनियंत्रणाचा भाग आहे. पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळतील ही खात्री असेल, तर गोठ्यातून पहिला फोन लवकर जातो. तो फोन उशिरा गेला, तर नंतरची वर्तुळं आणि नाके मागे पडतात.

सामान्य माणसाने काय करावं?

मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावरांच्या आजारासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. मेलेलं जनावर नदी-नाल्यात किंवा उघड्यावर टाकू नका. साथीच्या भागातून कोंबड्या, गुरं किंवा चारा आणू नका.

चिकन आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ली तर बर्ड फ्लूचा धोका राहत नाही, कारण 70 अंश तापमानाला हा विषाणू नष्ट होतो. लम्पी माणसाला होत नाही आणि उकळलेलं दूध सुरक्षित असतं. 2022 मध्ये दुधाबद्दल भरपूर अफवा फिरल्या होत्या. असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. साथीच्या काळात एका खोट्या मेसेजने पडलेला भाव आठवडेच्या आठवडे उठत नाही, आणि त्याची भरपाई कुणीच देत नाही.