हिशेबाच्या संगणकीय पद्धतीतील स्थित्यंतर

हिशेबाची पद्धत बदलणे हे आपल्या व्यापारी वर्गास नवे नाही. जोयडा तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ पासून, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्याने प्रत्येक व्यवहारात अपूर्णांक येई. तथापि दोन्ही नाणी काही काळ एकत्र चालली व तेवढ्या अवधीत वाडवडिलांचा हात नव्या गणितास सरावला.

तसाच प्रसंग आज संगणकावरील खतावणीत आला आहे. बंगळूर येथे १९८६ साली आरंभ झालेल्या टॅली संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅली प्राइम आणले. रामनगर वा जगलबेटच्या पेढीवर ज्या मुनिमाची बोटे जुन्या कळांना सरावली, त्यास हा पडदा परका वाटणे स्वाभाविक होय.

म्हणून टिकले काय व बदलले काय, हे प्रथम पाहू. नावेची एफ-५, जमेची एफ-६, विक्रीची एफ-८ व खरेदीची एफ-९ या कळा पूर्ववत आहेत. मात्र क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-८ वरून आल्ट-एफ-६ वर, तर डेबिट नोट कंट्रोल-एफ-९ वरून आल्ट-एफ-५ वर गेली आहे. कंपनी निवडण्याची एफ-१ आता साहाय्याची झाली असून निवड आल्ट-एफ-३ ने होते. आल्ट-जी या नव्या कळेने कोणत्याही पडद्यावरून हवा तो अहवाल उघडतो.

खरा धोका मागे फिरण्यात आहे. २०२३ मधील ३.० आवृत्तीत एकदा नेलेला हिशेब जुन्या आवृत्तीत उघडत नाही. स्थलांतरानंतर सवयीने जुन्या प्रतीत केलेली नोंद तेथेच राहते, नव्यावरून भरलेल्या जीएसटी विवरणात येत नाही, आणि चूक उघडकीस येईपर्यंत व्याज चढलेले असते.

यास्तव आम्ही सुचवितो की, हिशेबाची एक प्रत घेऊन तिच्यावर पंधरा दिवस सराव करावा. स्थलांतर शक्यतो १ एप्रिलला करावे. तत्पूर्वी मूळ हिशेब वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावा. दोहोंची तेरीज पैशापर्यंत जुळल्यावर जुनी प्रत केवळ पाहण्यापुरती ठेवावी. आणि ज्येष्ठ मुनिमास या अवधीत धीर द्यावा. कळा तो महिन्यात शिकेल, परंतु गिऱ्हाइकांच्या खात्यांची त्याची जाण नव्या माणसास वर्षानुवर्षे येणार नाही.