कायझेन आलं, बोनेन्काई राहिलं!

बजाजनगरच्या माणसाला जपानी येत नाही, असं कोण म्हणतं? कायझेन, कानबान, पोका-योके, गेम्बा... वाळूज एमआयडीसीत शिफ्ट करणारा कुठलाही पोरगा हे शब्द झोपेतही सांगेल. 'फाइव्ह एस'मधले सेरी, सेतोन तर कित्येकांच्या शॉपफ्लोअरवर भिंतीवरच लिहिलेले असतात. बजाज-कावासाकीची भारतातली जोडी २०१७मध्ये तुटली, पण शब्द राहिले. जुलै २०२४मध्ये टोयोटा किर्लोस्करने संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केलाय. म्हणजे आणखी शब्द येणार!

पण बॉस, एक गंमत बघा. आपण उचललेले हे सगळे शब्द राबण्याचे. खाण्यापिण्याचा एकही नाही! आणि तिकडे तर त्यांचा खजिना आहे. ऑफिसच्या मंडळींनी ठरवून एकत्र जेवायला बसणं म्हणजे 'एन्काई'. डिसेंबरात 'बोनेन्काई', म्हणजे सरतं वर्ष विसरायची बैठक. (टार्गेटसकट!) जानेवारीत नव्या वर्षाची 'शिन्नेन्काई'. जपानचंही आर्थिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्ये बदली होऊन जाणाऱ्यांसाठी 'सोबेत्सुकाई' आणि एप्रिलमध्ये नव्या पोरांसाठी 'कांगेइकाई'. प्रोजेक्ट संपला की 'उचिआगे'; हा शब्द नाटकवाल्यांकडून आलेला. पहिलं हॉटेल आटोपून दुसरीकडे मैफल हलली की ती 'निजिकाई'. सगळं जमवणारा तो 'कांजी' (साडीची नव्हे!). बिल वाटून घ्यायचं ते 'वारिकान', म्हणजे आपलं टीटीएमएम.

सगळ्यात झकास शब्द मात्र 'गोचिसो'. अर्थ मेजवानी, पण मूळ अक्षरांत आहे धावाधाव. पाहुण्यासाठी यजमानाने केलेली पळापळ! म्हणून जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणायचं.

आपणही काही कमी नाही हं. केळवण, डोहाळजेवण, उष्टावण, काशीहून परतल्यावरचं मावंदं, अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण, मराठवाड्यातली कंदुरी. ते चेरीच्या बहराखाली डबे उघडून 'हानामी' करतात, आपण कार्तिकात आवळ्याखाली आवळीभोजन. पण हे सगळे शब्द घरचे नाहीतर गावचे. ऑफिसात आलो की डिक्शनरी खलास! इन्क्रिमेंट झालं? पार्टी. बाइक घेतली? पार्टी. राजीनामा दिला? तरी पार्टीच, फार तर सेंडऑफ.

तोही सगळ्यांना कुठे मिळतो? बजाजनगरात बीड, जालना, परभणी, बुलडाण्याकडून आलेली किती पोरं राहतात. मित्राचं केळवण गावाकडे आणि रजा नामंजूर, हे नेहमीचंच. त्यात कुणी कंत्राटावर असेल, तर सात-आठ महिने एका लाइनवर खांद्याला खांदा लावून काम, आणि एक दिवस हेल्मेट, बूट, गेटपास जमा. सोमवारी त्याच्या जागी दुसरा. याची सोबेत्सुकाई म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा, तोही कुणी थांबलंच तर. पर्मनंट माणसाला शाल-श्रीफळ आणि याला साधं पोहे-जिलेबीचं ताटही नाही, हे काही बरोबर वाटत नाही.

जपानचंही सगळं गोडगोड नाही बरं का! 'बुरेइको' म्हणजे आज साहेब-ज्युनिअर कुणी नाही, मोकळं बोला. त्यावर भरवसा ठेवून बोलणाऱ्याची सकाळी फजिती ठरलेली. आग्रहाने दारू पाजण्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, 'अरुहारा'. तिथली बरीच तरुण मंडळी हल्ली असल्या पार्ट्या टाळतात, आणि २०२०च्या कोरोनाने तर सवयच मोडली.

तेव्हा पाजण्याचा आग्रह तिकडेच ठेवू. येत्या डिसेंबरात आपल्या टीममध्ये कुणी कांजी होतंय का बघा. नान-खलियावाले आणि अंडंही न खाणारे एकाच टेबलावर बसवायचे, बिल वारिकान, आणि गेल्या महिन्यात गेटपास जमा केलेल्या त्या पोरालाही फोन करायचा. फक्त सेकंड शिफ्ट कुणाकुणाची आहे, तेवढं आधी विचारून घ्या!